बाराव्या नोंदीचं मूळ

भिंगकाकांनी आयुष्यात दोनच कामं मन लावून केली. बँकेत सह्या तपासल्या आणि शनिवारी सिनेमे पाहिले. तिसरं काम संसाराचं, ते काकूंनी केलं.

बँकेत त्यांचं टेबल कोपऱ्यात होतं. चेकवरची सही आणि कपाटातल्या कार्डावरची नमुना सही शेजारी शेजारी ठेवायची आणि खरी की खोटी ते सांगायचं, हे त्यांचं काम. चौतीस वर्षं तेच. त्यांची एक रीत होती. दोन्ही कागद ते उलटे धरायचे, डोकं खाली पाय वर. नवा कारकून हसला की म्हणायचे, "सुलटं धरलं की माणूस नाव वाचतो, आणि नाव वाचलं की डोळा फसतो. उलटं धर. मग नाव उरत नाही, नुसत्या रेघा उरतात. रेघा खोटं बोलत नाहीत." त्यांच्या हातातल्या भिंगावरून त्यांना भिंगसाहेब नाव पडलं. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी तेच भिंग डबीत घालून त्यांच्या हातात दिलं. "हे तुम्हीच ठेवा. तुमच्या जागी आता मशीन येतंय."

शनिवारी चार वाजता वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर चित्रपट मंडळाचा खेळ असायचा. साठ खुर्च्या, एक पांढरा पडदा, खिडक्यांना काळं कापड. तिथे भिंगकाकांचं दैवत एकच, रहस्यपटांचा एक जुना, केव्हाच वारलेला दिग्दर्शक. मंडळात त्याला सगळे नुसतं 'म्हातारा' म्हणत. म्हाताऱ्याचा प्रत्येक सिनेमा काकांनी इतक्यांदा पाहिला होता की पडद्यावर दार उघडायच्या आत त्यांची मान तिकडे वळायची. त्यामुळे दुसऱ्या कुणाचाही सिनेमा लागला की त्यात म्हाताऱ्याचं काय काय आलंय ते त्यांना लगेच दिसे. दिवे लागले की ते उभे राहायचे. "तो जिना वरून दाखवला, तो म्हाताऱ्याचा. ती आरशातली बाई, म्हाताऱ्याची. शेवटची किंकाळी, तीही त्याचीच." काका उभे राहिले की निम्मे लोक पुन्हा बसायचे आणि निम्मे चहाला जायचे.

वर्षातून एकदा मंडळ लघुपटांचा दिवस करायचं. आलेल्यांतले पाच निवडून दाखवायचे. निवड तिघांकडे होती. एक भिंगकाका, दुसऱ्या होत्या शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाई आणि तिसरे चौकातले औषधवाले. उचलेगिरी होऊ नये म्हणून काकांनी स्वतः एक नियम लिहून दिला होता. कुठल्याही थोर दिग्दर्शकाच्या तीन जागा, म्हणजे दृश्यं किंवा युक्त्या, घेतल्या तर ती आदरांजली, चौथीपासून ती नक्कल. नक्कल ठरली की सिनेमा बाद, आणि का बाद ते बनवणाऱ्याला पत्राने कळवायचं.

या वर्षी आलेल्या बत्तीस लघुपटांत एक त्यांच्या पुतणीचा होता.

पुतणीचं घरातलं नाव मुंगी. काकांचा भाऊ जहाजावर नोकरीला होता. वहिनी गेली तेव्हा मुंगी सहा वर्षांची होती. ती या घरी आली ती सोळा वर्षांची होईपर्यंत राहिली. मग भावाने जहाज सोडलं आणि तिला घेऊन तो दुसऱ्या शहरात गेला. आता ती एकतीसची होती. एका मोठ्या दवाखान्यात, हात कसे धुवायचे, रोग्याला कुशीवर कसं वळवायचं, हे शिकवणाऱ्या फिती बनवायची. दर गुरुवारी तिचा फोन यायचा, तो काकूंना. शेवटी म्हणायची, "काका बरे आहेत ना?" काकू म्हणायच्या, "बरे आहेत." संपलं. सात वर्षांत ती घरी आली नव्हती. भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं.

या वेळी मात्र ती काकूंना म्हणाली होती, "सिनेमा निवडला तर येते. चार दिवस राहीन. नाही निवडला तर राहू दे, उगाच रजा कशाला मोडायची." त्याच दिवशी काकूंनी वरच्या खोलीतली गादी उन्हात टाकली. देवावर त्यांचा भरवसा मोठा. त्याच्याकडे मागून झालं की त्या तयारीला लागत, उत्तराची वाट बघत नसत.

भूगोलाच्या बाई काकांना पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, "पुतणीचा सिनेमा आहे, तुम्ही बाजूला व्हा. आम्ही दोघं बघू."

"का म्हणून? मी माझ्या सख्ख्या मेव्हण्याचा चेक परत पाठवलाय." ते खरं होतं. मेव्हणा दोन वर्षं बोलत नव्हता. "आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असला प्रकार माझ्याकडे नाही."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे आपलंच ते कार्टं असतं."

औषधवाले खाली बघून हसले. काकांनी सिनेमा घरी आणला.

चौदा मिनिटांचा होता, काळापांढरा. एका घरात वरच्या मजल्यावर एक म्हातारी अंथरुणाला खिळलेली. खाली तिची सून. घरात एक लहान मुलगी. सून पाठ करून काहीतरी पांढरं कुटते, दुधात मिसळते आणि पेला घेऊन अंधाऱ्या जिन्याने वर जाते. मुलगी हे सगळं बघत असते. सून म्हातारीला काय पाजतेय? तेवढीच गोष्ट.

काकांनी लॅपटॉप पुढे ओढला, कानात श्रवणयंत्र घातलं, वही उघडली आणि चेक तपासावा तसा सिनेमा तपासला. थांबव, मागे ने, लिही. एक : सुरुवातीलाच एक माणूस चौकटीतून जातो आणि पुन्हा येत नाही. हे तर उघडच होतं, कारण म्हाताऱ्याची ती सवय प्रसिद्ध होती. आपल्या प्रत्येक सिनेमात तो स्वतः क्षणभर कुठूनतरी जायचा, कधी बस चुकलेला माणूस म्हणून, कधी हातात वाद्याची पेटी घेऊन, आणि गोष्टीशी त्याचा काडीचा संबंध नसायचा. दोन : पाठमोरी बाई पूड कुटते. तीन : वळणाचा जिना, वरून. चार : आतून उजळलेला दुधाचा पेला. पुढे बाईचा पाठीमागून दिसणारा अंबाडा. म्हातारीच्या मुठीतली किल्ली, दुरून हळूहळू जवळ येत जाणारी. टेबलाखालून दिसणारे नुसते बूट. खिडकी आणि दुर्बीण. तारेवर एकेक करत वाढत जाणारे पक्षी. मोजता मोजता अकरा झाली.

काकांना वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोला, थोडा अभिमानही वाटला. रविवारी जेवताना ते म्हाताऱ्याचे सिनेमे सांगायचे तेव्हा पोरगी तोंड उघडं टाकून ऐकायची. ऐकलेलं सगळं तिने जपून ठेवलं होतं. पण जपून ठेवणं वेगळं आणि आपलं म्हणून मांडणं वेगळं.

अडलं ते बाराव्या जागेशी. सून वर येते. मुलगी जिन्याच्या तोंडाशी उभी असते. ती पेला स्वतःच्या हातात घेते, म्हातारीला द्यायच्या आधी त्यातला एक घोट पिते, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नुसती उभी राहते. जवळजवळ मिनिटभर. मग पेला म्हातारीला देते. हे म्हाताऱ्याच्या कुठल्याच सिनेमात नव्हतं. काकांनी डोकं खाजवलं, जुन्या वह्या काढल्या. नाही म्हणजे नाही. शेवटी त्यांनी लिहिलं, 'बारा : मूळ सापडत नाही.' आणि चौतीस वर्षांच्या सवयीमुळे ते वाक्य त्यांना दाताखाली खडा आल्यासारखं खुपायला लागलं.

शुक्रवारी दुपारी, पत्र द्यायच्या आदल्या दिवशी, काकू टेबलाशी बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या. समोर काका पत्राचा मसुदा करत होते. सिनेमा बाहेरच्या कुणाला दाखवायचा नाही असा नियम होता, तो काकांनी बायकोलाही लावला होता. वाचून दाखवू नये असा मात्र नियम नव्हता.

"ऐक," काका म्हणाले. "'चौथी जागा. अंधाऱ्या जिन्यात दुधाचा पेला आतून उजळलेला दिसतो. यासाठी मूळ दिग्दर्शकाने पेल्यात छोटा दिवा सोडला होता. आपण ही युक्ती तशीच उचलली आहे.' कडक झालंय का?"

"पेल्यात दिवा?" काकूंचा हात थांबला नाही. "दिवा कशाला सोडायला हवा? टॉर्च खाली धरायची."

"अगं, ती सिनेमातली युक्ती आहे."

"असेल. जिन्यातला दिवा गेला होता ना आपला? दोन वर्षं. उंच स्टूल लागायचं. तुम्ही दर शनिवारी म्हणायचात, आल्यावर लावतो."

काकांना तो दिवा अंधुक आठवला. तो पुढे कुणी लावला ते आठवलं नाही.

काकू उठल्या. कपाटातून रुंद तोंडाची टॉर्च काढली, काचेच्या पेल्यात सकाळचं उरलेलं दूध ओतलं. टॉर्च तळहातावर उभी धरली, तिच्या काचेवर पेला ठेवला आणि चारी बोटं नि अंगठा वर आणून पेल्याला विळखा घातला. "एक हात कठड्याला लागायचा, जिना खडा. मग दुसऱ्या हातात दोन्ही. असं." खोलीचा पडदा त्यांनी मोकळ्या हाताने ओढला आणि टॉर्च लावली.

दूध पेटलं. पांढरं, तळापासून काठापर्यंत. काकूंच्या बोटांच्या कडा लाल दिसायला लागल्या. हुबेहूब सिनेमातलं दृश्य. नुसतं दूधच नाही, सिनेमातली बोटंही अशीच होती, अंगठा असाच काठाशी.

"झालं?" काकू म्हणाल्या. "बघून घ्या. नाहीतर दूध नासेल."

 काकू पुन्हा शेंगांशी बसल्या. जरा वेळाने त्यांनीच विचारलं, पण आवाज निराळा होता. "आणखी काय काय आहे हो त्यात?"

"एका जागेचं मूळच सापडत नाहीये. ती मुलगी दुधातला एक घोट आधी स्वतः पिते, आणि..."

"आणि?"

"आणि उभी राहते. घड्याळाकडे बघत."

"किती वेळ?"

"मिनिटभर. का?"

काकूंनी हातातली शेंग ताटात ठेवली. "मुंगी मला म्हणायची, काकू, गरम आहे का बघते. रोज. मी पेला आणला की हातातून घ्यायची आणि एक घोट. मी म्हणायचे, सासूबाईंच्या दुधावर डोळा कशाला गं, तुला वेगळं देते ना? तर वेगळं दिलेलं प्यायची नाही." त्या थांबल्या. "सासूबाई गोळ्या थुंकून टाकायच्या. डॉक्टर म्हणाले, कुटून दुधातून द्या, सांगू नका. म्हणून मी ओट्याच्या कोपऱ्यात पाठ करून कुटायचे. कुणाला दिसू नये म्हणून."

काकांनी वहीत पाहिलं. दोन : पाठमोरी बाई पूड कुटते.

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"तिला वाटायचं मी विष घालते," काकू म्हणाल्या. "म्हणून आधी स्वतः पिऊन बघायची. सहा वर्षांचं पोर ते."

"सात असेल," काका म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून.

"सहा! तुम्हाला काय ठाऊक सहा की सात?" काकूंचा आवाज चढला आणि तिथेच फुटला. "एकदा मी तिला थोबाडीत मारली होती, त्या घोटावरून. हावरट म्हटलं होतं. काही बोलली नाही हो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच उभी, हात पुढे करून." त्यांनी पदराने डोळे टिपले आणि वर पाहिलं. "देवा, तू बघत होतास. मला निदान खूण तरी करायचीस."

काकांना बायकोची समजूत घालायची सवय नव्हती. त्यांनी पाणी आणून दिलं. मग समोर बसून वही वाचायला लागले, आणि ते वाचणं आता पहिल्यासारखं नव्हतं. एकेक नोंद ते पुढे करायचे आणि काकू उत्तर द्यायच्या.

"खिडकी आणि दुर्बीण."

"पाय मोडला होता ना तिचा, सहा आठवडे खिडकीशी बसवलं होतं. तुमचीच दुर्बीण, मंडळाच्या बक्षिसाची."

"तिला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं मी."

"म्हणून तर तुम्ही गेलात की घ्यायची."

"मुठीतली किल्ली. हे तर नक्की म्हाताऱ्याचं."

"म्हाताऱ्याचं कसलं, म्हातारीचं! तुमच्या आईची कपाटाची किल्ली ती. झोपेतही सोडायच्या नाहीत."

"पाठीमागून अंबाडा?"

"जिन्यात माझ्या मागून चढायची. लहान पोराला पुढे दुसरं काय दिसणार?"

पक्षी समोरच्या गच्चीवर दाणे टाकणाऱ्या शेजाऱ्याचे निघाले. टेबलाखालून दिसणारे बूट कुणाचे ते काकांनी विचारलं नाही, काकूंनी सांगितलं नाही. जिना तर घरातच होता, पाच पावलांवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. काकांनी तर वळसा घालून वर त्याचा नकाशाही काढला होता.

"पहिलं काय आहे?" काकूंनी विचारलं. "दोनपासूनच वाचताय मघापासून."

"पहिलं म्हाताऱ्याचंच आहे. एक माणूस जातो नुसता."

काकू शेंगांची सालं घेऊन आत गेल्या. काकांनी लॅपटॉप उघडला आणि सिनेमा पुन्हा सुरुवातीपासून लावला.

एक माणूस पाठमोरा, दारात. बूट घालून झालेत. काखेत कागदांची पिशवी. मुलगी येते, त्याच्या कोटाला हात लावते, काहीतरी सांगायला तोंड उघडते. माणूस एक बोट वर करतो, मनगटावरचं घड्याळ बघतो, भिंतीवरची छत्री काढतो आणि जातो. दार लागतं. छत्रीच्या मुठीला कापडी पट्टी गुंडाळलेली. वहीत काकांनी कंसात लिहिलंही होतं, 'मुठीवरची पट्टी : बारकावा चांगला.'

काकांनी मान वळवली. त्यांची छत्री दारामागे खिळ्याला लटकत होती. मूठ मोडली तेव्हा पट्टी त्यांनीच गुंडाळली होती.

 आजवर त्यांनी कागद उलटा धरून हजारो रेघा ओळखल्या होत्या. हा कागदही त्यांनी उलटाच धरला होता. सुलटा केला तर त्यावर नाव लिहिलेलं होतं, आणि ते त्यांचंच होतं.

मुंगीचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. तो स्वयंपाकघरात, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर होता. काकूंना न विचारता त्यांनी तो लावला.

"काका?" पलीकडून आवाज आला आणि लगेच घाबरला. "काकूला काय झालं?"

"काही नाही. बरी आहे. आत्ताच शेंगा सोलून उठली." काका म्हणाले. "तुझा सिनेमा पाहिला."

"अच्छा." मग तिनेच विचारलं, "किती सापडल्या?"

"अकरा."

"अकरा!" ती हसली. "मी एकच टाकली होती. म्हटलं, काकांना तेवढी तरी भेट द्यावी. तुम्हीच सांगायचात ना, म्हातारा नेहमी सुरुवातीलाच येऊन जातो, म्हणजे लोक त्याला शोधत बसत नाहीत, गोष्ट बघतात. मीही सुरुवातीलाच घेतला."

"म्हातारा घेतलास की मला?"

पलीकडे दवाखान्यातली घंटी वाजली, कुणाची तरी चाकांची गाडी गेली.

"दोन्ही," मुंगी म्हणाली.

"त्या दिवशी काय सांगायला आली होतीस?"

"तेच. काकू आजीच्या दुधात काहीतरी घालते म्हणून. तुम्ही म्हणालात, आल्यावर सांग. तुम्ही आलात तेव्हा मी झोपले होते." तिचा आवाज सरळ होता, त्यात रुसवा नव्हता. "मग मीच ठरवलं, आधी आपण पिऊन बघायचं. एक मिनिट थांबायचं. तुमच्या गोष्टीतलं विष मिनिटभरात चढायचं. पुढे आजीला बरंच वाटायला लागलं. मग मला वाटलं, विष जुनं झालं असेल."

काकांना हसू आलं.

"काकूला कळलं का हो?" मुंगीने हळूच विचारलं. "त्या घोटाचं?"

"आज कळलं."

"रागावली?"

"देवावर रागावली."

"मग ठीक आहे. त्यांचं मिटतं दोघांचं."

शनिवारी काका बैठकीला गेले आणि वही टेबलावर ठेवली. म्हणाले, "हा सिनेमा मी तपासू शकत नाही. तुम्ही दोघं ठरवा."

भूगोलाच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "का? मेव्हण्याचा चेक परत पाठवणारे ना तुम्ही?"

"मेव्हण्याच्या चेकवर मेव्हण्याची सही होती," काका म्हणाले. "यावर माझी आहे."

बाईंनी वही उघडली. प्रत्येक नोंदीपुढे 'म्हातारा' खोडलेलं होतं आणि शाईने नवं लिहिलेलं होतं. घरचा जिना. आई. आमची खिडकी. बाराव्या नोंदीपुढे 'मूळ सापडत नाही' यावर काट मारून दोनच शब्द होते, 'मुंगी स्वतः'. फक्त पहिल्या नोंदीपुढे म्हातारा तसाच ठेवला होता.

"एकच जागा," औषधवाले म्हणाले. "म्हणजे नियमात बसतं."

"नियम राहू द्या," बाई म्हणाल्या. "सिनेमा चांगला आहे. मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं, पण तुमचं भिंग मध्ये होतं." आणि त्यांनी निवडलेल्या पाचांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर त्याचं नाव लिहिलं.

लघुपटांच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मुंगी आली. काकू दारातच तिला घट्ट धरून उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते कुणाला ऐकू आलं नाही, पण मुंगीने त्यांचा हात घेऊन स्वतःच्या गालावर ठेवला, जिथे कधी काळी थप्पड बसली असेल तिथे, आणि म्हणाली, "अगं, तेव्हाही फार लागलं नव्हतं. तुझ्या हाताला लसणाचा वास होता, तेवढाच आठवतो." मग दोघी हसायला लागल्या. काका तिची बॅग हातात धरून मागे उभे होते. ती वर न्यायची की खाली ठेवायची, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

जेवणं झाली. मुंगी वर गेली. काकूंनी दूध तापवलं, पेल्यात ओतलं, साखर घालून ढवळलं आणि पेला काकांसमोर सरकवला.

"माझे गुडघे दुखतात," त्या म्हणाल्या. दुखत नव्हते.

जिन्यात दिवा लागलेला होता. पायऱ्या सतरा होत्या. पत्राच्या मसुद्यात काकांनी सिनेमातल्या जिन्याच्या चौदा पायऱ्या मोजून लिहिल्या होत्या, घरच्या आज पहिल्यांदा मोजल्या. वरून तिसरी करकरली. खोलीचं दार उघडं होतं. मुंगी पाठमोरी बसून बॅगेतले कपडे काढत होती.

"काकू, तिथेच ठेव गं," ती न वळता म्हणाली. "घेते."

काका दारात उभे राहिले. या जिन्याने वर दूध घेऊन येणारं माणूस या घरात एकच होतं, तेव्हा तिचं काही चुकलं नव्हतं.

"मी आहे," काका म्हणाले.

मुंगी वळली. आधी तिने पेला पाहिला, मग त्यांना. "काका, तुम्ही? वरचा जिना माहीत होता तुम्हाला?"

"आजच कळला."

तिने हात पुढे केला. काकांनी पेला दिला नाही. त्यांनी तो स्वतःच्या ओठांना लावला, एक घोट घेतला, आणि डाव्या मनगटावरचं घड्याळ समोर धरून उभे राहिले. दूध गोड होतं, जरा जास्तच गरम होतं. जीभ पोळली, पण ते हलले नाहीत.

मुंगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर टाकले आणि खुर्ची त्यांच्याकडे ओढली.

"बसा ना, काका," ती म्हणाली. "मिनिटभर लागतं."